उतरलेलं आणि विकत घेतलेलं

वरवंडहून निघताना आईने टेम्पोत माझ्यासाठी सगळं नवं घातलं होतं. नवी बादली, नवी परात, नवा कुकर, नवी केरसुणीसुद्धा. माझ्या नवऱ्याला, विशालला, शिक्रापूरजवळच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम लागलं होतं आणि आम्ही तिथं एक खोली भाड्याने घेतली होती. शेजारच्या काकू मायेने म्हणाल्या, "जुना पाट हाय माझ्याकडं, ने की बसायला." त्यांनी तो टेम्पोत ठेवलासुद्धा. आईने तो मुकाट्याने उचलून त्यांच्या दारात परत नेऊन ठेवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "नसलं तर नसलं. भुईवर बस. पन दुसऱ्याचं उतरलेलं दारात घेऊ नगं."

आमच्या वस्तीत वाढलेल्यांना याचं कारण सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या आज्या मोठ्या घरची कामं करायच्या, आणि कामाच्या मोबदल्यात त्यांच्या पदरात त्या घरचं शिळं अन् अंगावरून उतरलेलं पडायचं. पुढे विहारात बसून वस्तीने ठरवलं, की हे बंद. अर्धपोटी राहू, पण उतरलेलं घेणार नाही. आमच्या आईने तर त्याच्यावर कळस चढवला. आमच्या घरात मोठ्या भावाचं दप्तर धाकट्यालाही मिळायचं नाही. जयंतीला सगळ्यांना नवे कपडे, मग ते कितीही हलके असोत. मला वाटायचं, आई जरा अतीच करते.

भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका संपतो आणि शिरूर सुरू होतो. तासा-दीड तासाचा रस्ता, परदेश काही नव्हे. तरी त्या दिवशी मी पुलावर रडले, आणि टेम्पोवाल्याने गाण्याचा आवाज वाढवला.

शिक्रापुरात कुणीच कुणाचं नसतं, असं गावाकडे म्हणतात. खरं म्हणजे तिथं सगळेच नवे असतात, एवढंच. दिवसरात्र हायवेवर ट्रक, आणि हायवेच्या मागे ओळीने खोल्या. कुणी नांदेडचं, कुणी बिहारचं, कुणी यूपीचं. कॉन्ट्रॅक्ट संपलं की माणूस दोन दिवसांत खोली रिकामी करतो. तेव्हा पंखा, खाट, शेगडी, गादी, यांचं करायचं काय? रेल्वेत तर नेता येत नाही. आणि त्याच आठवड्यात दुसरं कुणीतरी फक्त एक सॅक पाठीला लावून उतरतं, त्याला नेमकं हेच सगळं हवं असतं.

विशालला कंपनीने पहिला ब्रेक दिला तेव्हा ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली. ब्रेक म्हणजे काम बंद, पगार बंद, भाडं मात्र चालू. समोरच्या खोलीतली पूनमभाभी गावी निघाली होती. म्हणाली, "दीदी, कूलर ले लो, जो देना है दे दो." मी कूलर घेतला. विशालने पंप बदलला, मी जाळी घासून काढली, आणि उन्हं तापली तशी पहिल्याच गिऱ्हाइकाने तो उचलला. त्या महिन्याचं भाडं त्यातून निघालं. मग चटकच लागली. व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. जिन्याखालची जागा मालकाकडून मागून घेतली. दर महिन्याला थोडे पैसे बाजूला पडू लागले आणि पुढच्या ब्रेकला आम्ही घाबरलो नाही. कपडे मात्र मी कधी घेतले नाहीत. आईचा तेवढा मान ठेवला.

विकायला ठेवलेल्या एका मिक्सरचा फोटो मी स्टेटसला टाकला आणि तो भाच्याने त्याच्या आजीला दाखवला. आईचा फोन आला. भांडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "लोकांचं उतरलेलं गोळा करतीस व्हय? बरं. तुज्या घरचं पानी मला जायचं न्हाई."

आणि खरंच आली नाही. मी जयंतीला वरवंडला जायचे, ती पोटभर जेवू घालायची, विशालची चौकशी करायची, पण माझ्या कामाबद्दल चकार शब्द नाही. मला राग यायचा. मी भीक मागत नव्हते, चोरी करत नव्हते. पोरीने स्वतःच्या पायावर उभं राहावं असं हीच म्हणायची ना! पण राग ओसरला की उरायचं ते एवढंच, की माझ्या आईने माझं घर पाहिलेलं नाही. ज्या घरात आई पाणी पीत नाही, त्याला घर तरी कसं म्हणायचं?

मग माझा पाय मोडला. ओल्या जिन्यावरून घसरले. विशालची सेकंड शिफ्ट, घरात करणारं कुणी नाही. कळल्यावर दुसऱ्याच दिवशी आई दारात हजर. काखेत गुंडाळलेली चटई, पिशवीत स्वतःचं ताट, तांब्या, पेला. एसटीत लोकांना वाटलं असेल, म्हातारी कुठल्या शिबिराला निघाली आहे. माझ्या खाटेवर ती बसली नाही. माझा फ्रिज सेकंडहँड, म्हणून दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची. माझं सगळं केलं, वेणीसुद्धा घातली, पण पाणी प्यायली ते बाहेरच्या नळाचं, स्वतःच्या तांब्याने. मला हसू यायचं आणि रडूही.

चार दिवसांनी एक नवी मुलगी आली. नांदेडकडची, नुकतं लग्न झालेली. तिला शेगडी हवी होती. दोन बर्नरची एक शेगडी मी चकाचक करून ठेवली होती. मुलीने ती हात लावून पाहिली, बटणं फिरवली, किंमत ऐकली आणि हात मागे घेतला. "ह्यांचा पगार व्हायचा हाय अजून," म्हणाली. कडेला ठेवलेल्या तिच्या पिशवीत बिस्किटाचे पुडे तेवढे दिसत होते. मला माझे पहिले दिवस आठवले. मी म्हटलं, "राहू दे पैसे. अशीच घेऊन जा."

"अशीच न्हाई."

आई चटईवरून उठून दारात आली होती. मला वाटलं, आता ही त्या गरीब पोरीसमोर माझी शोभा करणार.

आई तिला म्हणाली, "बाय, तुज्याकडं आत्ता काय हाय ते दे. बाकीचं पगार झाल्याव आनून दे. पन फुकट नेऊ नगं." मग माझ्याकडे वळून, "आन् तू किंमत कमी कर. लई लावलीस."

मुलीने कनवटीची नोट काढून दिली. शेगडी उचलताना तिची मान ताठ होती, हे मी पाहिलं.

ती गेल्यावर आई दारातच बसली. म्हणाली, "मी शाळंत जात व्हते तवा आईनं मला झगा आनला व्हता. निळा. मालकाच्या पोरीचा. वर्गात ती पोरगी म्हनली, ह्यो माजा झगा हाय. आख्खं वरीस म्हनत व्हती. आन् खरंच व्हतं तिचं. आमी कुठं पैसं दिलं व्हतं? झगा फाटला, तरी तिचाच व्हता."

मग मी शाळा सोडली, असं ती सहज म्हणाली. आईने शाळा का सोडली हे मला तोवर माहीतच नव्हतं. गरिबीमुळे, असंच मी धरून चालले होते. मी प्लास्टरचा पाय ओढत तिच्याजवळ गेले आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

जरा वेळाने तिने विचारलं, "तू ह्या समद्याचं पैसं देतीस व्हय लोकांस्नी?"

"देते की. पूनमभाभीपासून आजपर्यंत. एकही वस्तू फुकट घेतली नाही."

"मंग हे उतरलेलं कसं?" ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "हे तर इकत घेतलेलं."

संध्याकाळी दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये होतं. चहा तिने माझ्याच कपात घेतला.

निघायच्या दिवशी ती जिन्याखालच्या सामानात गेली आणि एका टेबलफॅनसमोर उभी राहिली. वरवंडला पत्रा फार तापतो. मी म्हटलं, "ने ना आई, तुलाच घे."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "दर सांग."

मी दर सांगितला. तिने आठवडी बाजारात घासाघीस करतात तशी केली, दोनदा निघून जायचं नाटकसुद्धा केलं. शेवटी कमरेची पिशवी सोडली आणि मोजून पैसे माझ्या हातावर ठेवले. आईकडून मी आयुष्यभर घेतच आले, पण गिऱ्हाईक म्हणून तिने दिलेले ते पैसे घेताना मला पहिल्यांदा वाटलं, की माझं काम तिने मानलं.

गाव सोडलेल्यांना लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? मी इतकी वर्षं वरवंड सांगायचे आणि शिक्रापूरला नुसती खोली म्हणायचे. आता खोली म्हणत नाही. आईने इथं चहा घेतला आहे.

परवा तिचा फोन आला. मागे शेजारणीचा आवाज होता, पोरीनं दिला का गं पंखा? आई फोन कानालाच धरून तिला म्हणाली, "दिला न्हाई. इकत घेतलाय. माजा हाय."