पाचोडच्या तलावावर नवी काईट

पडेगावहून निघालो तेव्हा टपावर फळी बांधली होती, मागच्या सीटवर नवी काईट, तिचा बार आणि पंप होता, आणि माझ्या शेजारी अण्णा गप्प बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. कन्नड गावाकडच्या एका साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. एरवी गाडीत बसले की रस्त्यालगतच्या प्रत्येक पिकावर बोलणारा माणूस. आज आडूळ आलं तरी तोंडातून शब्द नाही.

त्यांच्या गप्प बसण्याला कारण होतं. काईटसर्फिंगमध्ये पायाखाली फळी असते, कमरेच्या पट्ट्याला हुकाने बार, म्हणजे हातात धरायचा दांडा, अडकवलेला असतो आणि बारपासून निघालेल्या लांब दोऱ्यांच्या टोकाला हवा भरलेला भलामोठा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग आपल्याला. फ्रीस्टाइलवाले यात हवेतल्या कसरती करतात. मला हवी असलेली कसरत अशी, की हूक सोडायचा, पाण्यावरून उसळायचं आणि हवेत गिरकी घेताना बार पाठीमागून या हातातून त्या हातात घ्यायचा. मागे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच करताना बार सुटला, जुन्या बारची सुरक्षेची दोरी अडकली आणि पतंगाने मला फरफटत वाळूवर नेलं. खांदा निखळला. गळ्यात हात बांधलेल्या मला अण्णांनीच रेल्वेने घरी आणलं होतं.

नव्या बारमध्ये हात सुटला, की एकाच दोरीवर भार येऊन पतंग लुळा पडतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. सांगितलं होतं एवढंच.

आडूळला हातगाडीवर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात तो नाश्ता) खाल्ली. गरम, वर शेंगदाणे आणि कच्चा कांदा. अण्णांनी दुसरी प्लेट मागवली, मगच त्यांना वाचा फुटली.

"खांदा भरला व्हय पूर्ण?"

"डॉक्टरांनी परवानगी दिलीय, अण्णा."

"डॉक्टर काय, तो काय येणारंय का पाण्यात?"

पाचोडच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी मोसंबीच्या बागा सुरू झाल्या. गावातून डावीकडे कच्च्या रस्त्याला लागलो आणि बाभळींच्या मागे एकदम तलाव दिसला. पाणी बरंच खाली गेलेलं, काठाला गाळपेर (तलाव आटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी) काढून झालेली, आणि पश्चिमेकडून आषाढाचा वारा असा सुटलेला, की गाडीचं दार उघडताना जोर लावावा लागला. मासेमारी करणाऱ्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. या अंगाला त्यांची जाळी नव्हती.

काठावर मात्र मेंढरं होती. ती राखणाऱ्या गयाबाई आणि त्यांचे मालक, म्हणजे नवरा, काईटमध्ये हवा भरताना बघत उभे राहिले.

"अगं बया, ह्यो पतंग हाय?" गयाबाई म्हणाल्या. "थांब जरा. मेंढरं बुजतील."

दोघांनी कळप बांधाच्या पलीकडे नेला. मग अण्णांनी काईटची कड दोन्ही हातांनी धरली, मी अंगठा वर केला आणि त्यांनी ती सोडली. ती सरळ वर गेली. जुनीसारखी थरथर नाही, आढेवेढे नाहीत.

पहिल्या दोन-चार फेऱ्या हुकातच मारल्या. पतंग वळवायला हलका होता. मग हूक सोडला आणि पहिलीच गंमत झाली. पतंग मागे मागे जाऊन पाण्यात बसला. नव्या कोऱ्या दोऱ्या ओढ बसून कमी-जास्त ताणल्या होत्या. बारवरचा, दोऱ्यांची लांबी जुळवायचा पट्टा थोडा आवळून पुन्हा उठवला, तेव्हा तो जागच्या जागी उभा राहिला.

आता उडी. फळीची कड पाण्यात रोवली, सोडली, आणि उसळले. उडीच्या वरच्या टोकाला दोऱ्या सैल झाल्या. खरं सांगते, तेवढ्याचसाठी मी ही काईट घेतली होती. त्या क्षणी ओढ थांबते आणि हात मोकळा होतो. मी बार पाठीमागे नेला, दुसरा हात पुढे केला, आणि बोटांना काहीच लागलं नाही.

बार सुटला.

पाण्यात आपटले आणि ओढ लागायची वाट बघत अंग आखडून धरलं. ओढ लागलीच नाही. डोकं वर काढलं तर पतंग ओल्या चादरीसारखा पाण्यावर पसरलेला. मी मोठ्याने हसायला लागले. तेवढ्यात काठाकडून हाक आली. अण्णा कपड्यांनिशी माझ्याकडे निघाले होते आणि गुडघ्यापर्यंत गाळात रुतून उभे होते. पोहता येत नाही त्यांना.

मी दोरी धरत बारपर्यंत पोचून काठाला येईस्तोवर गयाबाईंच्या मालकांनी त्यांना काखेत धरलं होतं आणि गयाबाई काठी पुढे करून ओढत होत्या.

"बाबा, पोरगी पाण्यात बरी हाय," त्या म्हणाल्या, "तुमीच फसलाव की!"

अण्णा बाहेर आले. एक चप्पल गाळातच राहिली. मला वाटलं, आता म्हणतील, चल घरी. ते माझ्या खांद्याकडे बघत होते.

"ओढलं नाय त्यानं?"

"नाही."

"हात सुटला तरी?"

"सुटला तरी."

पाण्यावर लोळणाऱ्या काईटकडे त्यांनी पाहिलं. "मग परत कर," ते म्हणाले.

पुढच्या दोन वेळा पुन्हा सुटला. त्याच्या पुढच्या वेळी बोटांना बार लागला, बोटं मिटली, आणि मी वाकडीतिकडी, जवळजवळ बसलेल्या अवस्थेत पाण्यावर उतरले. पण उतरले, आणि पुढे निघाले. बांधावरून गयाबाईंनी आरोळी दिली. मी त्या फळीवर रडत होते की तोंडावर तलावाचंच पाणी होतं, मला सांगता येणार नाही.

आम्ही निघताना गयाबाईंनी ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा हातावर ठेवला. ते खाऊन परतीला लागलो. काईट उसळी छान देते, वाऱ्याचा झोत आला तरी बिथरत नाही. बार मात्र माझ्या मुठीला जाड आहे आणि ओल्या हाताला थोडा निसटतो. तो बदलून घ्यावा का, असा विचार करत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. अण्णांनी उचलला.

"पडली नाय ना?" आईचा आवाज मलाही ऐकू आला.

"पडली ना!" अण्णा म्हणाले. "लई झ्याक पडली. हात सुटला, अन् पतंग गपकन निजला पाण्यावर. पोरगी आपली हसती."

आई म्हणाली, "बरं, जेवायला या."

पाठीमागून बार घेतलेली ती एक उडी, जिच्यासाठी मी एवढी धडपडले, तिच्याबद्दल त्यांनी आईला काही सांगितलंच नाही. पडेगाव येईपर्यंत ते दोन्ही बाजूंच्या पिकांवर बोलत होते. मी गाडी चालवत ऐकत राहिले.