बुटांचं पॉलिश लावलेली नळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला तर नाहीच. आणि तुम्हाला सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — ते होत नाही, व्हावं असंही नाही.

संस्थान विलीन झालं तेव्हा एका सरदारांकडची दोन आसनांची इंग्रजी गाडी माझ्या भावानं, दादानं, घेतली. ब्रेकच्या रबरी नळ्या चिरल्या होत्या. मुंबईहून नव्या तीन आल्या. पुढच्या दोन सहज बसल्या. मागची मात्र आसाच्या वर, टाकीच्या आड — गाडी दुरुस्त करणाऱ्या हसन मिस्त्रींचा पंजा आत शिरेना. माझा शिरला.

"ताईसाब, ह्यो हात भाकरी थापायचा न्हवं, पाना फिरवायचा हाय," मिस्त्री म्हणाले.

पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. घरचे कौतुकानं माझ्याकडून इंग्रजी वाचून घ्यायचे, तेवढंच. या हाताचं कौतुक हे पहिलंच — ते मला किती आवडलं, कसं सांगू?

दादानं बजावलं, मुलगी गाडीखाली झोपते हे बाहेर कळता कामा नये. कुणी विचारलं तर काम मिस्त्रींचं. मिस्त्री हसले. "बरं की."

दोघं ब्रेकचं तेल आणायला गेले. मी गाडीखाली. जुन्या नळीचा नट गंजून घट्ट बसला होता. बोटं सोलली, तो हलेना. मिस्त्री आले की सांगायचं, एवढंच होतं. का नाही सांगितलं? लाजून, असं तुम्हाला वाटेल. नाही — "मला जमलं नाही" हे मला म्हणायचंच नव्हतं. मी घरातून शाळेच्या बुटांचं काळं पॉलिश आणलं आणि जुन्या नळीला चोळलं. चिरा बुजल्या. नवी नळी परड्यातल्या विहिरीत टाकली.

"झालं न्हवं?" मिस्त्रींनी वाकून पाहिलं.

"झालं."

माझ्या शब्दावर त्यांनी तेल भरलं.

पन्हाळ्यावरून उतरताना नळी फुटली. दादानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून वाचला. गुडघा गेला. अजून तो कठडा धरून जिना चढतो.

नाव बद्दू झालं ते मिस्त्रींचं. त्यांच्याकडे गाड्या येईनाशा झाल्या. एके सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. वडील व्हरांड्यात, दादा खाटेवर, मी दाराआड.

"ताईसाब, तुमीच सांगा की. मागली नळी कुणी बसवली?"

दादा गप्प होता. त्याला वाटत होतं, नवी नळीच खराब निघाली — तो माझी अब्रू झाकत होता.

"मला गाडीतलं काही कळत नाही," मी म्हणाले.

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "मग मीच बसवली असंल." आणि चपला घालून गेले. पुढे शिरोळकडे पाण्याची इंजिनं दुरुस्त करतात, असं ऐकलं.

मी लहान नव्हते. घाबरलेही नव्हते. पॉलिश चोळताना हात स्थिर होता, दाराआडून बोलताना आवाजही. मला गाडीतलं सगळं कळत होतं. ती नळी फुटणार, हेसुद्धा.