आत्यांची शुगर आणि माझा संशय

करोनाच्या गोष्टींचं असं आहे, एक काढली की मागून चार येतात. नारायणगुड्याच्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात बसल्या की हेच! आता हसतो. तेव्हा माझी चिमी अंगावर पीत होती आणि घरात सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. डॉक्टर म्हणाले होते, "लेकरापेक्षा यांना जपा. वय झालेलं, त्यात शुगर, बीपी. यांना झाला तर जड जाईल." झालं! तेव्हापासून मला सगळं जगच खोकताना दिसायला लागलं.

*

वरच्या मजल्यावरच्या तेलुगू आंटी खोकल्या की म्हणायच्या, "कुछ नहीं अम्मा, लवंग अटकी." रोज खोकला, रोज लवंग! शेवटी मी दाराआडूनच ओरडले, "आंटी, लवंग बंद करो, इलायची खाओ!"

*

नवरा कामावरून आला आणि ठसकला. मी चिमीला उचलून मागे सरले.

"अगं, मिरची लागली!"

"घरात वरण-भात आहे. मिरची कुठली?"

कोठी बाजाराच्या गर्दीत उभा राहून मिरचीची भजी खाऊन आला होता. त्याला गॅलरीत झोपवला. वर म्हणतो कसा, "करोना परवडला, तो एवढं विचारत तरी नाही!"

*

लस सुरू झाली ती आधी साठीच्या पुढच्यांना. त्याहून लहान असाल तर शुगर-बीपी पाहिजे. आत्यांना घेऊन गेले, लाइनीत बघते तर शेजारचे पन्नाशीतले अंकल! आमच्याकडची खीर मागून मागून खाणारे!

"अंकल, तुम्हाला कधीपासून शुगर?"

"लाइन में ठहरा, तब से है अम्मा!"

*

पण खरा किस्सा लस यायच्या आधीचा. एवढं जपूनही आत्या आणि सासरे दोघं पॉझिटिव्ह, एकाच खोलीत बंद. सासरे वयानं मोठे, पण ना शुगर ना बीपी. दोन शिंका देऊन मोकळे! माझा जीव आत्यांत अडकलेला. बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला की दवाखाना, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आत्यांना दवाखान्याचीच धास्ती. "तिथं नेलेलं माणूस परत दिसत नाही."

मी बाहेरून विचारायची. दाराच्या फटीतून मशीन लावलेलं बोट बाहेर यायचं. अठ्ठ्याण्णव! कधीही विचारा, अठ्ठ्याण्णव! पण आतली धाप मला इकडे ऐकू यायची.

वेळेत नेलं, ऑक्सिजन लागला, आपल्या पायांनी घरी आल्या, ते सगळं पुढचं. त्याआधी एका सकाळी मी आकडा सोडून बोट नीट बघितलं.

"आत्या, तुमच्या बोटावर एवढे पांढरे केस कधी आले?"

आतून धापा टाकत आवाज आला, "तू आकडा बघ की! बोट कशाला बघतीस?"