रांगेतली दुसरी जागा

'टक्' एवढाच आवाज आला. तोमासितानं किल्ली पुन्हा फिरवली. आता तर तेवढंही नाही.

"गेली!" गॅरेजच्या दारात उभ्या फिलिबेर्तोनं सफरचंदाचा मोठा चावा घेतला. "वहिनी, सलग तिसरा आठवडा. नवी बॅटरी घातली, तरी तेच. गाडी माणूस ओळखते."

"मग तुम्हालाही ओळखत असेल, भावजी. बाजूला व्हा, उजेड अडतोय."

गाडी म्हणजे ला मोरा. त्रेसष्ट सालची इम्पाला, पिकल्या तुतीच्या रंगाची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. एस्पान्योलाच्या खोऱ्यात अशा गाड्या घरोघरी आहेत. पण ईस्टरच्या सकाळी या गाड्यांच्या क्लबची रांग चर्चसमोरून निघते, तेव्हा म्होरक्याच्या मागची जागा ला मोराची. तोमासिताचा नवरा एलिसेओ होता तोवर ती मागायची कुणाची छाती झाली नाही. तो जाऊन वर्ष झालं होतं. रांगेचा नियम सगळ्यांना ठाऊक होता: गाडी घरून स्वतःच्या दमावर यायला हवी. ढकलत आणलेली, दुसऱ्या गाडीला तारा जोडून उठवलेली चालत नाही.

आणि घरातला करार त्याहून कडक. ईस्टरला ला मोरा निघाली नाही, तर किल्ली दिराची. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले त्या रात्री, भरल्या पंगतीत, दिरानं डिवचल्यावर रागाच्या भरात हा शब्द तोमासितानंच देऊन टाकला होता. ईस्टर उद्यावर आला होता.

तोमासिता आर्चुलेतानं सारी उमेद शाळेची बस चालवण्यात घालवली. त्रूचासच्या डोंगरातून, बर्फातून, मागं पोरांची दंगल चालू असताना. तेवढ्या कल्लोळातही इंजिनाचा बदललेला सूर तिला आधी कळायचा, मेकॅनिकला मग. पण रविवारी मात्र नखं रंगवून, केस फुगवून ती ला मोरात उजवीकडे बसायची. चाक डावीकडे, एलिसेओच्या हातात. तिनं कधी मागितलं नाही, त्यानं कधी दिलं नाही. दवाखान्यात शेवटी त्यानं किल्ली तिच्या मुठीत दाबली आणि म्हणाला, "हळू चालव." बस्स. प्रेमाचं असं दुसरं काही बोलला नाही. तिला तेवढं पुरलं.

तिनं बॅटरीला चार्जर लावला, आतून पानोचा नावाच्या गोड खिरीची वाटी आणली आणि स्टुलावर बसून निवांत खाल्ली. फिलिबेर्तोला विचारलंसुद्धा नाही. मग बाह्या सरसावल्या.

"बॅटरी मेलेली नाही," ती म्हणाली. "कुणीतरी पितंय ती."

"उंदीर?"

"असतील. तुमच्याएवढे."

तिनं बॅटरीची एक तार सोडवली आणि तार नि बॅटरी यांच्यामध्ये तपासणीचा छोटा दिवा अडकवला. गाडीत सगळं बंद असेल तर हा दिवा पेटायला नको. पेटला. मिणमिणता, पण पेटला.

"घड्याळ!" फिलिबेर्तो ओरडला.

"ते एलिसेओच्या आधी वारलं." तरी तिनं घड्याळाचा फ्यूज काढला. दिवा तसाच. रेडिओचा काढला. तसाच. एकेक करत सगळे फ्यूज तिच्या ॲप्रनच्या खिशात जमले, आणि तो दिवा आपला ढिम्म.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे फ्यूजला वळसा घालून कुणीतरी सरळ बॅटरीतून ओढतंय."

फिलिबेर्तोचं चावणं थांबलं.

तिनं डिकी उघडली. आत निळ्या मखमलीवर एलिसेओचा हसरा फोटो, शेजारी लाकडात कोरलेला बाळ येशू आणि दोघांच्या मध्ये निळ्या काचेचा इवलासा दिवा. पहिल्या स्मृतिदिनाला दिरानंच बसवून दिलेला.

"हा झाकण मिटल्यावर विझतो ना, भावजी?"

"डिकीतला दिवा, विझणारच की! मिटल्यावर आत बघायला कोण जातंय?"

"मी जाते." तिनं चपला काढल्या आणि गुडघे पोटाशी घेऊन मखमलीवर आडवी झाली. "लावा झाकण."

"वहिनी, साठी उलटली तुमची!"

"म्हणूनच हळू लावा."

झाकण मिटलं. अंधार झालाच नाही. निळ्या उजेडात एलिसेओ हाताच्या अंतरावरून तिच्याकडे बघून हसत होता, कुणाची तरी मस्करी जमल्यासारखा. तिला हसू फुटलं, मग डोळे भरले, मग पुन्हा हसू.

बाहेरून झाकणावर थापा. "वहिनी! श्वास घेताय ना? बोला काहीतरी!"

तिनं त्याला थोडा वेळ बडवू दिलं.

"उघडा," ती शेवटी म्हणाली.

फिलिबेर्तोचा चेहरा पांढराफटक पडला होता. "रात्री तो आत एकटा असतो," तो पायांकडे बघत पुटपुटला. "त्याच्यापुढं अंधार नको वाटला मला. म्हणून सरळ बॅटरीलाच जोडला. एवढासा तर दिवा, काय पिणार!"

"एवढासाच. पण रात्रंदिवस, आठवडाभर." ती डिकीतून उतरताना त्यानं हात पुढं केला, आणि तिनं तो धरला. "आणि तीन आठवडे मला ऐकवत होतात, गाडी माणूस ओळखते म्हणून!"

"काढून टाकतो आत्ताच."

"हात लावाल तर याद राखा. दिवा राहणार. पण त्याचं खाणंपिणं वेगळं."

फिलिबेर्तो धावत घरी गेला आणि मासेमारीच्या कंदिलाची चौकोनी बॅटरी घेऊन आला. ती मखमलीखाली लपवून तोमासितानं दिवा तिला जोडला, जुनी तार कापली, फ्यूज जागेवर बसवले, मोठी बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली.

सकाळी तिनं नखं रंगवली. लाल. किल्ली फिरवली, आणि ला मोरा अशी गुरगुरली, की शेजारची कुत्री कुंपणाआड गेली. फिलिबेर्तो चकचकीत बूट घालून हजर होता. त्यानं सवयीनं डावीकडचं दार उघडलं, तिला तिथं बसलेलं बघितलं, आणि मुकाट्यानं वळसा घालून उजवीकडे जाऊन बसला.

चर्चसमोर क्लबचे म्होरके, म्हातारे कासिमिरो, काठी टेकत आले. बॉनेटवर कान ठेवला. "स्वतःच्या दमावर?"

"घरापासून," तोमासिता म्हणाली.

"दुरुस्त कुणी केली?"

ती काही बोलायच्या आत फिलिबेर्तो खिडकीतून अर्धा बाहेर आला. "वहिनीनं! आणि बिघडवली मी, देवाशप्पथ! लिहून ठेवा!"

चौकात हशा पिकला. कासिमिरोंनी हॅट काढली आणि काठीनं दुसरी जागा दाखवली.

रांग निघाली. नदीच्या रस्त्यावर दुतर्फा खुर्च्या टाकून लोक बसले होते. "जरा दाबा की वहिनी, पुढची गाडी लांब गेली," फिलिबेर्तो कुजबुजला.

तिनं लाल नखांचा हात खिडकीबाहेर सोडला, मान ताठ केली, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय आणखी थोडा उचलला.