कुलपात ठेवा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. एमबीबीएस झालो तेव्हा वडिलांनी गावभर पेढे वाटले. पुढं एमडीला मानसोपचारशास्त्र घेतलं म्हटल्यावर चुलते म्हणाले, "एवढं शिकून शेवटी येड्यांचा डॉक्टर व्हय?" मी आजही छाती पुढं काढून सांगतो, व्हय.

नगरच्या माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. आधी पेशंट बोलणार, नातेवाईक बाहेर. आमच्याकडं पेशंट सोडून बाकी सगळे बोलतात, म्हणून.

त्या दिवशी चाळिशीतला एक माणूस बायकोला घेऊन मोटारसायकलवर आला होता. देवळाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान, थोडी शेती. महिनाभर झोप नाही. बायको बाहेर गेल्यावर म्हणाला, "सर, जगावंच वाटंना." ॲडमिट व्हायला तयार नव्हता, पण रोज फोन करीन असा शब्द दिला. त्याला विचारून मी बायकोला आत घेतलं आणि नेहमीचं सांगितलं, "एकटं सोडू नका. गोळ्या, फवारणीचं औषध, सगळं कुलपात. किल्ली तुमच्याकडं."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मान हलवली. ते गेले.

दुपारी डबा उघडला आणि त्याचा केसपेपर पुन्हा हातात आला. पत्ता: शिंगणापूर.

घास तोंडातच राहिला. शनीच्या भरवशावर ज्या गावात घरांना दारंच नाहीत, तिथं मी कुलूप सांगितलं होतं. आणि मी काही परका नव्हे. शाळा सोनईत शिकलो, शिंगणापूर तिथून हाकेवर. आपली माणसं आपल्याला कळतात, हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. बाहेर बसलेल्यांची माफी मागितली आणि गाडी काढली. घोडेगावपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. हॉर्न वाजवत राहिलो.

त्याच्या घराला चौकट आणि पडदा. पडदा बाजूला करायचं धाडस होईना. तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन हाय?"

तो खाटेवर बसला होता. शेजारी त्याची म्हातारी चुलती शेंगा फोडत होती.

"बाई कुठंयत?"

"सोनईला. फवारणीच्या औषधाचा डबा तिच्या भावाकडं ठेवायला. हिला बसवलंय राखनीला."

"राखन नव्हं रं मेल्या," चुलती म्हणाली, "तुझ्या हातानं शेंगा फोडून घ्यायला आले."

"आणि गोळ्या?"

"तिच्या कनवटीला. रोज एकेक देनार हाय."

मी खाटेच्या कडेला बसलो. "फोन का बंद?"

"चार्जिंग संपलं, सर."

"अहो, मग कुलूप म्हणालो तेव्हाच सांगायचं ना!"

"तुमी इचारलं कुठं? सांगतच हुता." मग थोडं थांबून म्हणाला, "तुमी कुलूप म्हनले, तवा बायको माझ्याकडं बघून हसली. लई दिसांनी."

परतताना गाडी हळू चालवली. भीती गेली नव्हती. अशा पेशंटची ती एका दुपारीत जात नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशीही. मंगळवारी दोघं आले. त्याला आत घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या घरात काय जमेल, ते तुम्हीच सांगा." तो सांगू लागला. मी मधे बोललो नाही.