गाळलेली ओळ

अभयारण्यात जायचं बाईनंच काढलं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. दसरा होऊन चार दिवस झाले होते, पावसाळ्यात बंद असलेलं फाटक नुकतंच उघडलं होतं. "तिकीट काढून सोडतेत म्हनते, तं काढ तिकीट," ती म्हणाली. ज्या गावात तिनं सत्तावीस वर्षं संसार केला, तिथं ती तिकीट काढून निघाली होती. ही वेळ तिच्यावर माझ्यामुळे आली होती, आणि ते तिला माहीत नव्हतं.

बाईचं सासर डोंगरात, पंधरा-वीस घरांचं. कापूस, ज्वारी, चार म्हशी. अभयारण्य वाढलं तेव्हा त्या घरांना खाली सडकेलगत नवी जागा द्यायचं ठरलं. मी महसूल कचेरीत कारकून. तिथली माणसं मराठी बोलणारी आणि कागद तेलुगूत, म्हणून आमच्याकडे रीतच पडली होती की कागद मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायचा आणि मग अंगठे घ्यायचे. वाचायला शक्यतो नात्यातला माणूस पाठवायचा. नात्यातल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही.

आमचा आदिलाबाद जिल्हा फुटला तेच ते वर्ष. एकाचे चार होणार होते, दसऱ्याला पाट्या बदलणार होत्या, आणि कचेरीत दुसरा विषय नव्हता. माझं नाव बेल्लमपल्लीकडे बदली होणाऱ्यांच्या यादीत असल्याचं कानावर आलं होतं. आदिलाबादेत माझं घर नुकतं उभं राहिलं होतं, मुलगी दहावीला होती. हातातलं काम वेळेत उरकलं तर आपल्याला इथंच ठेवतील, अशी मी माझी समजूत करून घेतली. तसं वचन मला कोणीही दिलेलं नव्हतं. दोष दुसऱ्यावर ढकलायची सोय नाही.

बाईच्या गावात लिंबाखाली कागद वाचायला बसलो. अर्ध्यावर ती ओळ आली. गाव सोडल्यानंतर या हद्दीत कुठल्याही कारणासाठी प्रवेश मिळणार नाही. ही ओळ वाचली की बाई उठून जाणार, हे मला ठाऊक होतं. तिचं पहिलं मूल, सव्वा वर्षाचा मुलगा, तिथंच शेताच्या बांधावर मोहाखाली पुरला होता. दसरा झाला की ती तिथं दूधभात ठेवायची. एक वर्ष चुकवलेलं नव्हतं. ती उठली की भाऊजी उठणार, आणि भाऊजी उठले की सगळं गाव. मी पान उलटलं.

भाऊजींनी तरी विचारलंच, "भाऊ, पोराच्या जागेवर जायले कोनी अडवनार तं नाही न?"

"काऊन अडवतील?" मी म्हणालो.

"मंग झालं. वाचनारा घरचा हाय." त्यांनी अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.

माझी बदली टळली. पुढच्या दसऱ्यानंतर दूधभात घेऊन चालत गेलेल्या त्या दोघांना चौकीवरून परत पाठवलं. "नवा साहेब कडक हाय, बोलतो मी," असं मी म्हणालो. दर वर्षी तेच म्हणत राहिलो. दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले.

तिकीट काढून बसलो त्या जीपमध्ये आमच्या पुढे हैदराबादचं एक जोडपं होतं, गळ्यात कॅमेरे. सागाचा फुलोरा करडा पडला होता. एका वळणावर बाईनं माझं मनगट घट्ट धरलं. गावातला विहिरीचा कठडा तेवढा उरला होता. शेतांचं कुरण झालं होतं आणि त्यात चितळांचा कळप चरत होता. सगळ्यात चांगली जागा हीच, गाईड खुशीत सांगत होता.

"आंटीजी, देखिए, कितने सारे!" कॅमेरेवाली म्हणाली.

"याइले तिकीट नाही लागत वाटते," बाई म्हणाली.

मोह पन्नास पावलांवर होता. बाईनं पाय खाली टाकला.

"अम्मा, दिगकूडदु," गाईड ओरडला. उतरायचं नाही. मी त्याला तेलुगूत सांगितलं, दोन मिनिटं, तिथं तिचं मूल आहे. तो ओशाळला. पण नोकरी जाईल म्हणाला. मीच बाईला पाय आत घ्यायला लावला.

फाटकावर डबा काढून घेतला होता, तरी पळसाच्या पानात मूठभर भात तिनं पदराला बांधून आणला होता. तिनं गाठ सोडली आणि हात लांब करून तो मोहाकडे फेकला. तो रस्त्यातच पडला. मागच्या जीपनं हॉर्न दिला. आम्ही पुढे सरकलो, आणि ती जीप त्यावरून आली.

परत येऊन फाटकाजवळ बसलो. समोर तेलुगूत मोठी पाटी होती.

"काय लिवलं हाय?"

मी वाचलं. परवानगीशिवाय प्रवेश नाही, कुठल्याही कारणासाठी.

"हे त्या कागदात होतं?"

या प्रश्नाची कितीतरी उत्तरं मी इतकी वर्षं तयार ठेवली होती.

"होतं."

"तुले वाचता नाही आलं?"

"आलं. मीच गाळलं. माही बदली होऊन राह्यली होती, बाई."

तिनं पदराचं रिकामं टोक झटकलं. मग म्हणाली, "किती दूर हाय बेल्लमपल्ली?"

"बसनं चार तास."

"बसनं आला असता तू सनावाराले. आता मी कोन्त्या बसनं जाऊ?"

महिन्याच्या आतच भाऊबीज आली. न बोलावता मी संध्याकाळी तिच्या दारी गेलो. ती ओवाळणीचं ताट घेऊन अंगणात उभी होती. पाट मांडलेला नव्हता. तिनं मला पाहिलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. चंद्राची कोर दिसली तशी तिनं तिकडे तोंड केलं आणि चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं.

शेजारीण कुडापलीकडून हसत म्हणाली, "वो माय, भाऊ तं दारात उभा हाय की!"

"कोनाचा?" बाई म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.