मेव्हण्याचा फायर क्लेम

भूतबित, भानामती वगैरे ऐकलं की मला हसू येतं. आजही येतं. पण हे आमच्या नाहूरच्या घरात, भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर उघड झालं...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझा मेव्हणा विलास मुलुंडला ओनरशिप फ्लॅटमध्ये राहायचा. भाड्याच्या खोलीत राहणारे आम्ही म्हणजे त्याच्या लेखी किडामुंगी! फ्लॅटचा आणि आतल्या सामानाचा विमा काढला, तेही त्याने दहा वेळा ऐकवलं.

एकदा तो एक लोखंडी ट्रंक घेऊन आला. "रंगकाम काढलंय, भावोजी. राहू दे तुमच्याकडे." किल्ली अर्थातच स्वतःच्या खिशात. ट्रंक आमच्या पलंगाखाली गेली.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या फ्लॅटला आग लागली. घरात कुणी नव्हतं. म्हणे शॉर्ट सर्किट! विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर हा गडी ढसाढसा रडला — साड्या गेल्या, टेपरेकॉर्डर गेला, आईचा शालू गेला. तो शालू सासूबाईंनी माझ्या बायकोला, सुमनला, द्यायचा म्हटलं होतं. यानेच दाबून ठेवलेला. सुमन दोन दिवस जेवली नाही.

रविवारी दुपारी विलास शीळ घालत आला आणि ट्रंक ओढून उघडली.

आत राख. जरीचे काळे धागे, वितळून गोळा झालेला टेपरेकॉर्डर. बाहेर ट्रंकेचा रंगसुद्धा उडाला नव्हता. राख बाजूला सारली, तर तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र कोरं करकरीत! घरात धुराचा वासही कधी आला नव्हता.

जरीचा एक धागा उचलून सुमन म्हणाली, "दादा... हा आईचा शालू ना? जळाला म्हणालास तेव्हा इथे होता?"

विलासने टेपरेकॉर्डरचा गोळा हातात घेऊन फिरवून पाहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"भावोजी, ही ट्रंक गुपचूप फ्लॅटवर नेऊ या. सर्व्हेअरला दाखवता येईल. आता तर खरंच जळलंय ना यार!"

"नीघ," सुमन म्हणाली. "आधी नीघ इथून."

क्लेम मिळाला की नाही, आम्ही विचारलं नाही. आमच्या कारखान्यातल्या केमिस्टला मात्र विचारलं, फायर ब्रिगेडमधल्या एका ओळखीच्यालाही विचारलं. खाली कागद शाबूत ठेवून वरचं सगळं कसं जळतं, कुणालाच सांगता आलं नाही. मलाही आजवर कळलेलं नाही.

पण विलास? हे झालं कसं, एवढंसुद्धा त्या माणसाने कधी विचारलं नाही.